घट बसायच्या आधी व्हॅन

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात कोल्हापूर-सांगलीकडच्या एकत्र कुटुंबांत जी पोरं वाढली, त्यांच्या तोंडी ‘गाडी’ म्हणजे बहुतेक वेळा पांढरी मारुती व्हॅन. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली आणि १९८४ मध्ये तिच्यामागोमाग व्हॅन आली. इंजिन तेच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. फक्त ते पुढच्या सीटांखाली बसवलेलं. पुढे १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं, पण आमच्या गल्लीत ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. जुनी असो की नवी, ती व्हॅनच राहिली.

८०० मध्ये नवरा-बायको आणि दोन मुलं जायची. व्हॅनमध्ये आजी, दोन काका, दोन्ही काकू, माहेरपणाला आलेली आत्या आणि मागच्या सीटमागे सामानाच्या जागेत आम्ही सगळी चुलत-आते भावंडं. घराला चाकं लावून एक जादा खोलीच मिळाली होती. खोली म्हटली की तिची झाडलोट आली, सारवण आलं, सणाआधीची धुलाई आली. त्या काळी गाडी आतून साफ करायला बाहेर कुणाकडे द्यायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. ते काम घरातलं होतं आणि घर ते घरच्या रीतीनं करायचं. त्याच रीतीबद्दल लिहायचं आहे. तिच्यातलं शहाणपण अजून जसंच्या तसं कामाला येतं, आणि ते ज्यांच्या हातात होतं ती माणसं आता थोडी उरली आहेत.

कंपनीकडून व्हॅन यायची तेव्हा आत फारसा थाट नसायचा. मग नवी गाडी आधी देवळात आणि तिथून थेट कुशनवाल्याकडे जायची. तो सीटांवर रेक्झिन किंवा मखमली कापडाची कव्हरं चढवायचा आणि खाली मोजून, कापून कार्पेट बसवून द्यायचा. रंग शक्यतो तपकिरी नाहीतर मेंदीसारखा, ‘मळखाऊ’. कार्पेटच्या खाली नमद्याचा थर, दारांच्या कडेला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू. त्यावर पुन्हा पायाखाली रबरी मॅट, मॅटवर जुनं वर्तमानपत्र, सीटवर टर्किश टॉवेल आणि पाठीला काकूनं क्रोशानं विणलेले रुमाल. इतकं पांघरूण घालूनही जे व्हायचं ते व्हायचंच.

कार्पेटात सगळ्यात आधी मुरायचा तो ज्योतिबाचा गुलाल. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेहून, नाहीतर साध्या रविवारच्या खेट्यांवरून परतताना माणसं डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झालेली असत. वाडी रत्नागिरीचा डोंगर उतरून घरी येईस्तोवर तो रंग सीटांच्या शिवणींत, दाराच्या खालच्या सरकपट्टीत आणि कार्पेटच्या मुळापर्यंत पोहोचलेला असे. दुसरी चीज कोकणची. मे महिन्यात आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेलं की येताना जांभ्याची तांबडी माती, गणपतीपुळ्याची वाळू, हापूसच्या पेट्यांमधला पेंढा आणि फणसाचा वास सोबत यायचा. घाटात कुणा ना कुणाला उलटी व्हायचीच. आवळासुपारी आणि लिंबू यांच्या भरवशावर सगळी वळणं निभत नसत.

आजीचा पहिला नियम होता, कोरड्याला पाणी दाखवायचं नाही. “गुलालाला वलं फडकं लावशील तर जल्मभर गुलाबी ऱ्हाईल, आधी झाडा,” असं ती ओसरीवरून ओरडून सांगायची. यामागचं कारण साधं आहे. गुलाल असो की कोकणातली माती, कण अतिशय बारीक असतात. कोरडे असताना ते धाग्यांवर नुसते बसलेले असतात. पाणी लागलं की त्यांचा चिखल होतो आणि तो धाग्यांच्या पिळात शिरतो. जांभ्याच्या मातीत तर लोहाचा गंज असतो, तो कापडाला धरून बसतो. म्हणून चिखल लागला तरी तो आधी पूर्ण वाळू द्यायचा, मग ताठ दातांच्या ब्रशनं भुगा करून झाडायचा. आज गाड्यांच्या अंतर्भागाची सफाई करणारे लोकही कामाची सुरुवात पाण्यानं करत नाहीत. आधी व्हॅक्यूम फिरवतात. आजीकडे व्हॅक्यूम नव्हता, एवढाच फरक.

मोठी धुलाई व्हायची ती पितृ पंधरवड्यात. त्या दिवसांत नवी खरेदी नाही, शुभकार्य नाही आणि पुढे घट बसायचे असतात, त्यामुळे घरातल्या सगळ्या वाकळा, चादरी, पडदे, गाद्यांच्या खोळी याच सुमारास निघत. व्हॅनची पाळी वाकळांच्या आदल्या दिवशी, म्हणजे पाणी तापवायचं तपेलं आणि भिजवलेले रिठे दोन्हींना कामाला येत. सकाळी सकाळी थोरले काका पाना घेऊन मागच्या सीटचे बोल्ट सैल करायचे. सीट दोघांनी उचलून ओसरीवर आली, की व्हॅन एकदम हॉलसारखी मोठी दिसायची आणि आम्हा पोरांची खरी मजा सुरू व्हायची.

सीटखालून जे निघायचं ते सगळं परातीत जमा करायचं, असा दंडक होता. चार आण्यांची नाणी, केसांचे आकडे, टिकल्यांची पाकिटं, चिंचोके, बोरांच्या बिया, शेंगांची टरफलं, रावळगावच्या गोळ्यांचे कागद, पेन्सिलीचं टोक, एकच पैंजण, पंढरपूरच्या बत्ताशांचा चुरा. आत्याच्या कानातलं एकदा अशा परातीतच सापडलं आणि त्या दिवशी सगळ्यांना बासुंदी मिळाली. नाणी पोरांची. पुढे ३० जून २०११ ला चार आणे चलनातून बाद झाले, तरी आमच्यातल्या एका भावानं त्या परातीतली नाणी अजून डबीत जपून ठेवली आहेत आणि ती दाखवताना कोणतं नाणं कोणत्या सहलीनंतर मिळालं हेही तो सांगतो.

मग दारांच्या पट्ट्या काढून कार्पेट सोडवायचं. ते अंगणातल्या कट्ट्यावर उलटं टाकायचं आणि पाठीकडून धोपाटण्यानं झोडपायचं. सरळ बाजूनं मारलं तर धूळ आत जाते, उलट बाजूनं मारलं तर खाली गळते. जमिनीवर गुलाबी-तांबड्या धुळीची रांगोळी पडायची आणि ती बघून काकू म्हणायची, “हे सगळं आपण श्वासातनं घेत होतो बघा.” पुढे शेजारच्या एका घरात व्हॅक्यूम क्लीनर आला. टाय लावलेला विक्रेता घरी येऊन सतरंजीवर तो चालवून दाखवत होता, तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली होती. तो क्लीनर नंतर वर्षातून एकदा आमच्या व्हॅनसाठी आणला जायचा, आणि परत देताना त्यासोबत वाटीभर काहीतरी गोड जायचंच. यंत्रानं सीटांच्या शिवणी छान निघायच्या. कार्पेटसाठी मात्र थोरल्या काकांचा भरवसा अखेरपर्यंत धोपाटण्यावरच राहिला, आणि उलटं करून झोडपलेल्या कार्पेटातून जेवढी धूळ पडताना मी पाहिली आहे, तेवढी त्या काळच्या यंत्राच्या पिशवीत कधी पाहिली नाही.

डागांचा प्रकार वेगळा. त्यातला एक डाग आमच्या घरात अजून सांगितला जातो. आजोळच्या गावी जत्रा होती. परत निघताना मामीनं किटलीभर तांबडा रस्सा बांधून दिला. झाकण फडक्यानं घट्ट आवळलेलं, किटली पायांत धरलेली. तरी एका गतिरोधकावर व्हॅन उडाली आणि मधल्या कार्पेटवर रस्सा पसरला. धाकट्या काकूनं लगेच ओढणी पुढं केली, पण आजीनं हात धरला. “घासू नगंस. टीप.” घासलं की तेल बाजूला पसरतं आणि खालीही दाबलं जातं. जुनी वर्तमानपत्रं एकावर एक ठेवून, वरून हातानं दाबून, भिजली की बदलून, जेवढं तेल वर ओढता येईल तेवढं वाटेतच ओढलं.

घरी आल्यावर डागावर डाळीचं पीठ पसरलं, बोटभर जाड. रात्रभर ते तसंच राहिलं. सकाळी पीठ तांबूस आणि ओशट झालं होतं; ते झाडून पुन्हा कोरडं पीठ टाकलं. तेल असं निम्म्याहून जास्त निघालं. उरला तो हळदीचा पिवळा पट्टा. त्यावर काकूनं साबणाचं पाणी घालून ब्रश फिरवला मात्र, आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. आम्ही पोरं घाबरलो. काकूचा चेहरा उतरला. आजी मात्र शांत होती. “हळदीला खार लागला की ती लाल हुतीच. कुंकू कशाचं करत्यात? हळद आन् चुना.” तिनं लिंबू मागवलं, पाण्यात पिळलं आणि फडक्यानं डागावर टिपत गेली. लाल रंग पुन्हा पिवळा झाला. मग साध्या पाण्यानं दोनदा टिपून घेतलं आणि तेवढाच भाग उन्हाकडे करून कार्पेट वाळत टाकलं. दोन-तीन दिवसांच्या उन्हात पिवळा रंगही विटत गेला आणि शेवटी तिथे डाग होता हे ज्याला ठाऊक त्यालाच दिसायचं.

शाळेत पुढे रसायनशास्त्राच्या तासाला हळदीचा कागद आणि धुण्याच्या सोड्याचा प्रयोग झाला, तेव्हा बाईंनी प्रश्न विचारायच्या आधीच माझा हात वर होता. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, आम्लात पिवळं राहतं आणि प्रकाशात टिकत नाही. आजीला यातला एकही शब्द माहीत नव्हता, पण तिन्ही गोष्टी माहीत होत्या आणि कोणत्या क्रमानं वापरायच्या हेही माहीत होतं.

दुधाचा नियम उलटा. व्हॅनमध्ये दुधाची कासंडी लवंडली तर गरम पाणी अजिबात नाही, गार पाण्यानंच टिपायचं. गरम पाण्यानं दुधातलं प्रथिन धाग्यावरच शिजतं आणि वास कायमचा घर करतो. डाग टिपल्यावर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडायचा. उलटीलाही हाच उपाय, फक्त आधी राख किंवा कोरडी माती टाकून ती पत्र्याच्या तुकड्यानं उचलायची. आता प्रथिनांवर काम करणारे एन्झाइमवाले द्रव बाजारात मिळतात आणि ते चांगलं काम करतात. दुधासाठी मी तेच वापरतो.

कार्पेटचं धुणं म्हणजे ते बादलीत बुडवणं नव्हे. रिठ्याच्या पाण्याचा नुसता फेस काढायचा, तो ब्रशवर घ्यायचा आणि वीतभर जागा एका वेळी घासायची. लगेच ओल्या पंच्यानं फेस पुसून घ्यायचा, मग कोरड्या पंच्यानं. रिठा का, तर त्यात सोडा नसतो. ज्या रिठ्यानं आजी शालू आणि लोकरीच्या शाली धुवायची, त्यानं मखमली कव्हराचा रंगही जात नसे. धुण्याची पावडर स्वस्त होती, घरात डबाभर असायची, पण ती कार्पेटात उरली की चिकट होते आणि महिनाभरात दुप्पट धूळ ओढते. आज कोणताही शांपू वापरा, हा भाग खरा आहे: साबण जितका कमी, कार्पेट तितकं जास्त दिवस स्वच्छ.

रेक्झिनच्या सीटांना तेल लावायची खोड बऱ्याच घरांत होती. खोबरेल चोळलं की ती दिवसभर चकचकीत दिसायची आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या कपड्यांना लागायची, वर धूळ धरायची. आमच्याकडे कोमट पाण्यात पिळलेलं फडकं आणि शिवणींसाठी जुना दात घासायचा ब्रश, एवढंच चालायचं. रेक्झिन तडकतं ते उन्हानं. म्हणून व्हॅन चिंचेच्या सावलीत लावायची आणि काचांना आतून पडदे. चिंचेच्या पानांचा बारीक चुरा मग वायपरखाली आणि दाराच्या सरकपट्टीत साचायचा. ती सरकपट्टी साफ करणं पोरांचं काम: काडीला फडकं गुंडाळून गुलाल, वाळू, चिंचेची पानं सगळं ओढून काढायचं. पट्टी साफ असली की दार एका बोटानं सरकायचं आणि त्या ‘घर्रर्र खट्’ आवाजाचा आम्हाला अभिमान वाटायचा.

सगळ्यात जास्त वेळ जायचा वाळवण्यात, आणि थोरले काका इथे कुणाचं ऐकत नसत. कार्पेट वरून कोरडं लागलं तरी नमदा आत ओला असतो. तो तसाच बसवला तर दोन गोष्टी होतात. पावसाळी हवेत बुरशी धरते, वास येतो. आणि खालचा पत्रा गंजायला लागतो, जो कुणाला दिसत नाही. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे आठवडेच्या आठवडे ओल. म्हणून कार्पेट आणि नमदा वेगवेगळे दोन दिवस उन्हात, सीट उभी करून सावलीत वाऱ्याला, व्हॅनची सगळी दारं सताड उघडी. मधल्या काळात काका उघड्या पत्र्यावर गुडघे टेकून बसत आणि बोटांनी चाचपत. जिथे रंगाला फोड आलेला दिसेल तिथे पॉलिशपेपर, मग रेड ऑक्साइडचा हात, मग रंग. त्यांची ही बैठक मला लख्ख आठवते: हातात काचेचा कंदील नाहीतर बॅटरी, खिशात पॉलिशपेपरची घडी, आणि तोंडानं चाललेलं, “इथं बघा, इथं पाणी मुरलंय.” आमच्या व्हॅनचा पत्रा वीस वर्षांनंतरही पायाखाली ठणठणीत होता तो या दोन दिवसांच्या वाळवण्यामुळे.

कामं वाटून दिलेली होती आणि त्यात एक न्याय होता. बोल्ट, पत्रा, रंग पुरुषांकडे. कापड, डाग, वास बायकांकडे, आणि तिथे त्यांचा शब्द शेवटचा. एरवी गाडीच्या बाबतीत काकूंचं मत कुणी विचारत नसे. कुठली घ्यायची, कधी विकायची, किती किलोमीटर धावली, ही सगळी पुरुषांची बोलणी. पण त्या दिवशी थोरले काकाही विचारायचे, “वहिनी, ह्यावर काय घालू?” पेट्रोलचा भाव आणि मायलेज यांच्या गप्पा सगळ्यांना आठवतात. गाडी इतकी वर्षं बसण्याजोगी राहिली ती कुणाच्या हातांनी, हे सांगणारं घरात कुणीतरी असायला हवं.

खंडेनवमीला व्हॅन ओसरीसमोर उभी राहायची. आतून सोड्याचा आणि उन्हाचा कोरडा वास, सीटांवर ताजे धुतलेले टॉवेल, चाकांखाली लिंबं, पुढे झेंडूचा हार. पाना, जॅक आणि धोपाटणंसुद्धा पूजेला मांडलेलं असायचं. संध्याकाळपर्यंत कार्पेटवर झेंडूच्या पाकळ्या आणि दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं पडायची, पण त्याला कुणी कचरा म्हणत नसे.

अपघात-सुरक्षेच्या नव्या नियमांत जुनी बांधणी बसणारी नव्हती आणि २०१९ मध्ये ओम्नीचं उत्पादन थांबलं. नियम योग्यच आहेत. पुढे बॉनेट नसलेल्या गाडीत पुढच्या सीटवर बसणं किती धोक्याचं होतं, हे आता कळतं आणि अंगावर काटा येतो. सामानाच्या जागेत पोरं बसवणं तर आज कुणीही करू नये. पण पस्तीसेक वर्षं त्या गाडीनं घरं हलवली, वऱ्हाडं नेली, शाळा भरवल्या, रुग्णवाहिका म्हणून माणसं वाचवली. अजूनही गावोगावी कुणाच्या तरी गोठ्याशेजारी, वर्कशॉपमागे, फुलांच्या नाहीतर भाजीच्या धंद्यात ती उभी दिसते, आणि आतलं कार्पेट बहुधा चिखलानं काळं झालेलं असतं.

अशी एखादी व्हॅन तुमच्याकडे असेल तर तिचं आतलं काम स्वतः करा. जुन्या व्हॅनमध्ये सीटखाली एअरबॅगच्या वायरी नाहीत, त्यामुळे सीट काढायला भीती नाही. नव्या गाडीत मात्र ते धाडस करू नका, तिथे जाणकाराकडूनच काढून घ्या. पाण्याच्या दाबाचा पाइप आत मारू देऊ नका. बाहेर सफाईला दिलीत तर पाणी ओढून घेणारं यंत्र आहे का, एवढं विचारा. आणि घरात अजून कुणी आजी, काकू, आत्या असेल तर डागावर काहीही ओतायच्या आधी तिला हाक मारा. यंदा पाऊस संपला की कार्पेट एकदा पूर्ण उचला, नमदा वेगळा काढा आणि खालच्या पत्र्यावरून हात फिरवून बघा.